बिडाची भांडी : गंज, तेल आणि उष्णता

तापलेल्या तव्यावर दोशाचे पीठ पडते, पळीच्या तळाने ते गोल पसरविले जाते, आणि दोन-तीन मिनिटांत त्याच्या कडा आपोआप सुटू लागतात. बेंगळूर शहरात हे दृश्य रोज सकाळी असंख्य ठिकाणी दिसते. तेथील मावळ्ळी टिफिन रूम्स हे उपाहारगृह १९२४ साली निघाले, गांधी बाजारातील विद्यार्थी भवन १९४३ साली. आणि दोशाची आवड तर या दोहोंपेक्षाही पुष्कळ जुनी आहे. परंतु याच शहरातील एखाद्या घराच्या माळ्यावर आजीच्या वेळचा बिडाचा तवा तांबूस गंजाने माखून पडलेला असतो. कोणी तो खाली काढून घासतो, त्यावर दोसा घालतो, आणि दोसा तव्याला असा चिकटतो की उलथन्याने खरवडूनही निघत नाही. मग 'तवा बाद झाला' असा निर्णय होऊन तो मोडीत जातो.

हा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा असतो. उपाहारगृहातील तापलेली कावली आणि माळ्यावरचा गंजका तवा यांतील भेद मुख्यतः धातूचा नसून धातूच्या पृष्ठावर असलेल्या, केसाहूनही पातळ अशा एका थराचा आहे. तो थर कसा बनतो, कसा नष्ट होतो आणि पुन्हा कसा चढविता येतो, हे समजून घेणे हाच या पुस्तिकेचा हेतू आहे.

बीड म्हणजे काय?

शुद्ध लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. त्यात अडीच ते चार टक्के कार्बन आणि थोडे सिलिकॉन मिसळलेले असेल, तर ते सुमारे ११५० ते १२०० अंशांतच वितळते व पाण्यासारखे वाहू लागते. म्हणून ते वाळूच्या साच्यात ओतता येते. या ओतीव लोखंडालाच मराठीत बीड म्हणतात. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि पूर्वी महाग असलेली भांडी सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली. चीनमध्ये मात्र ओतकामाची विद्या त्याच्याही दोन हजार वर्षे आधीपासून अवगत होती.

आपल्याकडे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रांतांचा बिडाशी निकटचा संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि त्यांच्या कारखान्यातील लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला. कोल्हापूर व बेळगाव ही शहरे आजही ओतकामासाठी प्रसिद्ध आहेत. तत्कालीन म्हैसूर संस्थानात भद्रावती येथे लोखंडाचा कारखाना उभारण्यात आला व १९२३ साली तेथे उत्पादन सुरू झाले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नावाशी हा कारखाना निगडित आहे. केम्मनगुंडीच्या डोंगरातील खनिज आणि मलनाडच्या जंगलातील लाकडाचा कोळसा यांवर तेथील भट्टी चालत असे.

बीड थंड होताना त्यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. हे पापुद्रे धातूत सर्वत्र विखुरलेले असतात. त्यांच्यामुळे बीड ठिसूळ बनते. प्रत्येक पापुद्रा जणू आधीच पडलेली एक बारीक भेग असते. पोलादी तवा पडला तर वाकतो, बिडाचा तवा पडला तर फुटतो. तापलेल्या तव्यावर एकदम गार पाणी ओतल्यास त्यास तडा जाण्याचा संभव असतो, त्याचे कारणही हेच.

बिडाच्या भांड्यात उष्णता सर्वत्र सारखी पसरते, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. ॲल्युमिनियममधून उष्णता बिडाच्या चार ते पाच पट वेगाने वाहते. बिडाचा गुण निराळा आहे. ते जड व जाड असल्यामुळे पुष्कळ उष्णता साठवून ठेवते. गार पीठ तव्यावर पडले तरी त्याचे तापमान फारसे उतरत नाही आणि दोशाची खालची बाजू लगेच भाजू लागते. म्हणूनच असा तवा मंद आचेवर सावकाश तापवावा लागतो. मोठी आच दिल्यास मधला भाग जळतो आणि कडा थंड राहतात.

गंज कसा चढतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज चढतो. यांपैकी एक नसेल तर गंज चढत नाही. शाळेत हे सहज दाखविता येते. तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी एक स्वच्छ खिळा ठेवावा. पहिलीत थोडे साधे पाणी घालावे. दुसरीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी घालून वर तेलाचा थर द्यावा. तिसरी कोरडी ठेवून, ओल शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड तीत घालावे व तोंड बुचाने बंद करावे. आठवड्याने पाहिल्यास फक्त पहिल्या नळीतील खिळा गंजलेला आढळेल. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते. कोकण किनाऱ्यावर लोखंड लवकर खाल्ले जाते त्याचे हे एक कारण आहे.

ॲल्युमिनियमवर चढणारे ऑक्साइड घट्ट बसते व आतील धातूचे रक्षण करते. लोखंडाचा तांबडा गंज तसा नसतो. तो ज्या लोखंडापासून बनतो त्याहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, सच्छिद्र असतो आणि पापुद्रे होऊन सुटतो. त्याखाली नवे लोखंड उघडे पडते व पुन्हा गंजते. तथापि ही क्रिया वरून आत जाते. भांडे जाड असेल, तर बरीच वर्षे माळ्यावर पडूनही आतील बहुतेक धातू शाबूत राहतो. जुना तवा वाचविता येतो तो यामुळेच.

तेलाचा थर कसा बनतो?

तव्याला तेल लावले म्हणजे तो 'तेल पितो' आणि धातूच्या छिद्रांत तेल भरून राहते, असे पुष्कळजण मानतात. वस्तुतः घडते ते वेगळेच. वनस्पती तेलांच्या रेणूंत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. त्यांपैकी काहींत दुहेरी बंध असतात. उष्णता आणि प्राणवायू मिळाला म्हणजे या बंधांच्या ठिकाणी एक साखळी दुसरीशी जोडली जाते, दुसरी तिसरीशी, आणि अखेर सर्वांची एक विणलेली जाळी तयार होते. मग ते तेल द्रव राहत नाही. ते घट्ट, कोरडे, पाण्यात न विरघळणारे असे एक प्रकारचे रोगण बनते. त्याचा काही अंश कोळशासारखा काळवंडतो व तव्यास काळा तुकतुकीत रंग येतो. बेंगळूरमध्ये या क्रियेला 'पळगिसुवुदु' असा कन्नड शब्द आहे. एखाद्या प्राण्यास माणसाळविणे, त्याला सवय लावणे, असा त्या क्रियापदाचा अर्थ. मराठीत तवा 'मुरला' असे म्हणतात. दोन्ही शब्दांत एकच अनुभव आहे : हे काम एका दिवसात संपत नाही.

कोणते तेल घ्यावे, याचे उत्तर दुहेरी बंधांच्या संख्येवर अवलंबून आहे. रसायनशास्त्रज्ञ ही संख्या आयोडीन मूल्याने मोजतात. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते ते हे मूल्य. जवसाच्या तेलाचे मूल्य सुमारे १७० ते २००, करडईचे सुमारे १४० ते १५०, सोयाबीनचे १२० ते १४०, तिळाचे १०५ ते ११५, शेंगदाण्याचे ८५ ते १०० आणि खोबरेलाचे अवघे ६ ते ११ असते. जवसाचे तेल काचेच्या पट्टीवर पातळ फासून दोन-तीन आठवडे हवेत ठेवल्यास ते वाळून कडक होते. खोबरेल तसेच ओले राहते. हा प्रयोगही शाळेत करण्याजोगा आहे. चित्रकार तैलरंगांसाठी जवसाचे तेल वापरतात ते याच गुणामुळे.

तव्यासाठी जवसाचे तेल सर्वांत कडक थर देते. परंतु तो थर ठिसूळ असल्याने पुढे त्याचे पापुद्रे निघण्याचा संभव असतो. करडई, सूर्यफूल किंवा सोयाबीन यांचे तेल व्यवहारात अधिक सोयीचे. शेंगदाण्याच्या तेलानेही काम होते, मात्र वेळ अधिक लागतो. खोबरेलाचा थर नीट बनत नाही.

प्रथम परीक्षा

जुने भांडे हाती घेतल्यावर घाई न करता ते तपासावे. ते बोटावर टांगून लाकडी पळीने हलके वाजवावे. अखंड बीड खणखणीत वाजते. तडा गेला असेल तर आवाज बद्द येतो. तडा गेलेले भांडे आचेवर ठेवू नये. सपाट फरशीवर ठेवून ते डुगडुगते की काय, तेही पाहावे. ज्या भांड्याचा पूर्वीचा उपयोग अज्ञात आहे, विशेषतः ज्यात शिसे वितळविले असण्याची शंका आहे, त्यात अन्न शिजवू नये. शिसे विषारी आहे आणि घासून ते पूर्णपणे गेल्याची खात्री घरी करता येत नाही. ज्यावर रंग दिलेला आहे किंवा चिनी मातीसारखे काचेरी लुकण आहे, अशा भांड्यांसही पुढील कृती लागू नाही.

जुने किटण आणि गंज काढणे

वर्षानुवर्षांचे जळके तेल प्रथम काढावे. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तवा बुडवून ठेवावा व नारळाच्या काथ्याने घासावा. आपल्याकडील जुनी रीत राखेने घासण्याची होती, आणि ती शास्त्रशुद्ध आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते अल्कधर्मी असल्याने तेलाचा जुना थर सैल करते, आणि राखेचे कण घासण्याचे काम करतात. सोडा किंवा राख वापरताना हातांचे रक्षण करावे. किटण जाळून टाकण्यासाठी तवा धगधगत्या भट्टीत टाकण्याची प्रथा मात्र टाळावी. त्याने भांडे वाकते, कधी तडकते, आणि ते नुकसान पुन्हा भरून येत नाही.

नंतर गंजाकडे वळावे. सैल गंज काथ्याने अथवा तारेच्या ब्रशाने निघतो. उरलेल्यासाठी आम्ल हवे. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, ताकात लॅक्टिक आम्ल, शिरक्यात ॲसेटिक आम्ल. नव्या तव्यात तांदळाचे धुवण दोन-तीन दिवस, रोज बदलून, भरून ठेवण्याची दक्षिणेकडील रीत याच तत्त्वावर आहे. धुवण आंबते आणि त्यातील सौम्य आम्ल पृष्ठावरील मळ व गंज सैल करते. गंज फार असेल, तर शिरका आणि पाणी समभाग घेऊन त्यात तवा अर्धा तास ठेवावा, काढून घासावा, आणि आवश्यक तर पुन्हा ठेवावा. तो रात्रभर ठेवणे ही सर्वसाधारण चूक होय. आम्लास गंज आणि लोखंड यांत भेद कळत नाही. गंज संपताच ते लोखंड खाऊ लागते, बारीक बुडबुडे उठतात व पृष्ठ खरबरीत बनते.

ज्या शाळांत प्रयोगशाळा आहे तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्युत्विश्लेषणानेही गंज काढता येतो. प्लास्टिकच्या टोपलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन तवा बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास आणि साध्या लोखंडाचा जुना तुकडा धन टोकास जोडतात. तव्यावर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात व गंज सुटतो. येथे तीन पथ्ये पाळलीच पाहिजेत. खोली हवेशीर असावी व जवळ ज्योत नसावी, कारण हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. धन टोकास स्टेनलेस पोलाद लावू नये, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे बनू शकतात. सोड्याऐवजी मीठ घालू नये, कारण त्यापासून क्लोरीन वायू निघतो.

गंज निघाल्यावर तवा करड्या रंगाचा, उघडा दिसतो. या क्षणी तो सर्वांत असहाय असतो. ओला राहिल्यास काही मिनिटांतच त्यावर नारिंगी झाक येते. म्हणून धुताच तो फडक्याने पुसून लगेच मंद आचेवर ठेवावा व पूर्ण कोरडा करावा.

तवा मुरविणे

कोमट तव्यास चोहोबाजूंनी, पाठीलाही आणि मुठीलाही, तेलाचे बोट लावावे. मग कोरड्या फडक्याने ते असे पुसून घ्यावे की जणू तेल लावलेच नव्हते. या सूचनेवर सर्व यश अवलंबून आहे. तेल जाड राहिले तर वरचा भाग आधी घट्ट होतो, आत प्राणवायू पोहोचत नाही, आणि तवा चिकट व ठिपकेदार बनतो. चिकट तव्यावर उपाय म्हणजे आणखी तेल नव्हे. तो पुन्हा तापवावा, आणि तेवढ्याने चिकटपणा न गेल्यास घासून नव्याने आरंभ करावा.

भट्टीची सोय असल्यास तवा पालथा ठेवून सुमारे २३० अंश सेल्सिअसला एक तास तापवावा व आतच निवू द्यावा. घरच्या शेगडीवर करावयाचे असेल तर मंद आचेवर, मधूनमधून फिरवीत, धूर येऊन तो ओसरेपर्यंत तापवावा. खिडक्या उघड्या ठेवाव्या. जळत्या तेलाच्या धुरात ॲक्रोलिन नावाचा द्रव्यांश असतो व तो डोळ्यांस आणि घशास झोंबतो. निवाल्यावर पुन्हा तेवढेच पातळ तेल, पुन्हा ताप. अशी चार-पाच आवर्तने झाली म्हणजे करड्या रंगाचा तपकिरी व तपकिरीचा काळा होतो.

यानंतर आरंभीचे काही दिवस तव्यावर तेलकट पदार्थच करावेत : कांदा परतावा, थालीपीठ लावावे, घावन मागाहून. पहिला दोसा मोडला तर निराश होण्याचे कारण नाही. प्रत्येक वापरात तेलाचा एक नवा सूक्ष्म थर जुन्यावर चढत असतो. उपाहारगृहांतील मोठ्या कावली बहुधा जाड पोलादाच्या असतात, तरी त्यांचेही मुरणे याच नियमाने होते. आणि त्या उत्तम असण्याचे गुपित एवढेच की त्यांना एक दिवसही विश्रांती नसते.

पाण्याच्या थेंबाची साक्ष

दोसे घालणारा कारागीर दोन दोशांमध्ये तव्यावर पाणी शिंपडतो आणि नारळाच्या हिरांच्या केरसुणीने ते झाडून टाकतो. तापमापक नसताना केलेले हे तापमानाचे मापनच आहे. तवा पुरेसा तापला नसेल तर पाणी पसरते व हळूहळू आटते. योग्य तापमानास ते चुरचुरून तत्काळ उडते. तवा सुमारे २०० अंशांच्याही वर गेला तर थेंब उडत नाहीत. ते पाऱ्याच्या गोळ्यांसारखे तव्यावर धावत सुटतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते व ती त्याला धातूपासून अलग ठेवते. जर्मन वैद्य लायडेनफ्रॉस्ट याने १७५६ साली या घटनेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. इतक्या तापलेल्या तव्यावर पीठ पडले की जागीच थिजते व पळीबरोबर गोळा होऊन येते. शिंपडलेले पाणी वाफ होताना उष्णता हरण करते, तवा योग्य तापमानावर येतो, आणि पुढचा दोसा नीट पसरतो.

रोजची निगा

मुरलेला तवा कोमट असताना पाण्याने धुवावा. सौम्य साबणाने थर जात नाही. जुन्या काळच्या तीव्र कॉस्टिकयुक्त साबणांमुळे ती भीती रूढ झाली. थर जातो तो भिजत ठेवल्याने आणि आंबट पदार्थ फार वेळ शिजविल्याने. चिंचेची आमटी, सांबार किंवा टोमॅटोचे सार बिडाच्या कढईत ठेवून देऊ नये. कढई उघडी पडते व पदार्थास धातूची चव येते. दोशाचे पीठही आंबलेले असते, पण त्याचा तव्याशी संबंध काही मिनिटांचाच येतो. धुतल्यावर तवा आचेवर कोरडा करून तेलाचा हात पुसावा. पावसाळ्यात भांडी एकात एक ठेवताना मध्ये कागद घालावा.

आहारातील लोह

या भांड्यांचा आरोग्याशीही संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोखंडी भांड्यात शिजविताना अन्नात थोडे लोह उतरते; अन्न ओलसर व आंबट असेल आणि ते अधिक वेळ शिजत राहिले तर ते अधिक उतरते. इथिओपियात लोखंडी भांड्यांत व ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविलेले अन्न घेणाऱ्या बालकांची तुलना करण्यात आली. लोखंडी भांडी असलेल्या घरांतील बालकांत रक्तक्षय कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले.

परंतु येथे विवेक हवा. चांगला मुरलेला थर जसा गंजास अडवितो तसा लोहासही बराच अडवितो. म्हणून गुळगुळीत तव्यावरील दोशातून फार लोह मिळेल असे मानू नये. रक्तक्षयाची कारणेही अनेक असतात. लोखंडी भांडे आहारास साहाय्यक ठरू शकते, वैद्यकीय उपचाराची जागा ते घेऊ शकत नाही. तसेच तांबडा गंज खाल्ल्याने लोह मिळते हा समज सोडून द्यावा. गंजातील लोह शरीरात फारच थोडे शोषले जाते.

बेंगळूरच्या चिकपेठेतील भांड्यांच्या दुकानांत नवा तवा आजही मिळतो, आणि तो फार महाग नसतो. मग जुन्यासाठी एवढे श्रम का घ्यावेत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की तो तवा पूर्वीच तयार झालेला आहे. त्यासाठी खनिज, कोळसा आणि भट्टीची उष्णता एकदा खर्ची पडली आहे, आणि थोडी चिंच, चमचाभर तेल व एक दुपार यांच्या बदल्यात तो आणखी एका पिढीच्या उपयोगी पडू शकतो. दुसरे उत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. गंज का चढतो, आम्ल काय करते, तेल का वाळते आणि थेंब का नाचतो, या सर्वांची उत्तरे त्या एका तव्यात सामावलेली आहेत. तो मोडीत देण्यापूर्वी एकदा वाजवून पाहावा. आवाज खणखणीत आला, तर तवा अजून कामाचा आहे.